डेन्मार्क, नॉर्वे आणि मागची भिंत

२ एप्रिल २००७
लोडशेडिंग आता रोज दुपारी एक ते चार. सगळी सोसायटी जिन्यात बसून सरकारला शिव्या देते. रिकामटेकडे.
निश्चय: मी रडणार नाही, निबंध लिहिणार. सप्टेंबरात कोपनहेगनला परिषद आहे. विषय: देशादेशांनी सीमेपलीकडे विजेची वाटणी कशी करावी. डेन्मार्कात वारा सुटला की जास्तीची वीज नॉर्वेला, वारा पडला की नॉर्वेच्या धरणांची वीज डेन्मार्कला. मध्ये स्मार्ट ग्रिड, म्हणजे ही देवघेव आपोआप सांभाळणारं तारांचं जाळं. निबंध निवडला तर विमानखर्च त्यांचा. मी तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं. परस्पर सहकार्य माझ्याइतकं कुणाला कळतं?
मेहुणा एकदा सिंगापूरला जाऊन आला, सहा वर्षं तेच बोलतोय. मला जायचंच आहे.

५ एप्रिल
इन्व्हर्टर घेतला. दुकानदार म्हणाला, कॉम्प्युटर लावलात तर तासभर चालेल. अडाणी.
मागच्या साईकृपा सोसायटीत दुपारी वीज असते, त्यांची सकाळी जाते. इंदिरा म्हणाली, त्यांच्या संध्याशी बोलू का? संध्याचा नवरा हिरामण, नामपूरचा कांदा व्यापारी. पार्किंगमध्ये गोण्या ठेवतो. सौभाग्यवतींना निक्षून सांगितलं, त्या माणसाकडून काडेपेटीसुद्धा घ्यायची नाही.

१९ एप्रिल
चमत्कार! पहिले आठ दिवस इन्व्हर्टर तासाभरात मान टाकायचा. मग मी बॅटरी पूर्व-पश्चिम ठेवली. तेव्हापासून पुरते तीन तास चालतो. पंखे, कॉम्प्युटर, काल तर फ्रिजसुद्धा. शिवाय बाहेर वीज नसताना 'मेन्स चालू'चा हिरवा दिवा लागलेला. म्हणजे वीज गेल्याचं यंत्राला कळतच नाही, इतकं ते सक्षम झालंय. निबंधात नवं प्रकरण, माझ्याच नावानं: वेणीमाधव पॅटर्न.
इंदिरा काहीतरी सांगायला आली होती. आकडे मांडत होतो, हाकललं.

१४ मे
पाठवलेल्या गोषवाऱ्यावरून निवडीच्या शेवटच्या फेरीत आलो! परिषदेचे लार्सन साहेब पुण्याला येणार आहेत. तिथून २६ तारखेला दुपारी दोनला इन्व्हर्टर बघायला घरी. पसंत पडला की तिकीट. इंदिराचा चेहरा पडला. बायकांना नवऱ्याचं मोठेपण पेलत नाही.
समारोप लिहिला: सीमापार सहकार्य भारतात अशक्य, कारण इथे शेजाऱ्याचा शेजाऱ्यावर विश्वास नाही.

२५ मे
मागच्या भिंतीच्या भोकातून वायर! एक टोक साईकृपात. हिरामण आमच्या सोसायटीची वीज चोरतो! कांदेवाल्यावर संशय होताच. दुसरं टोक कुठे जातं ते बघायची गरज वाटली नाही. वीज कंपनीत फोन केला. नाव सांगितलं नाही.

२६ मे, सकाळी
वायरमन येऊन वायर कापून घेऊन गेला. जाताना त्यानं हिरामणला सगळ्यांदेखत झापलं. हिरामण मान खाली घालून गोण्या मोजत राहिला. चोराला तोंड कुठलं!
इंदिरा 'अहो, अहो' करत धावत आली. म्हटलं, आधी साबुदाणा वडे बघ. साहेब उपाशी येतील.

२६ मे, संध्याकाळी
लार्सन साहेब वेळेवर आले. बरोबर दुभाषी म्हणून पल्लवी नावाची पुण्याची मुलगी. मी पंखे, कॉम्प्युटर, फ्रिज, सगळं एकदम लावलं. दहा मिनिटांत इन्व्हर्टर किंचाळला आणि बंद. बॅटरी पुन्हा पूर्व-पश्चिम केली. उत्तर-दक्षिण केली. साहेब घाम पुसत बघत होते.
मग इंदिरा दारातून बोलली. म्हणाली, ती वायर संध्याच्या स्वयंपाकघरातून आमच्या इन्व्हर्टरला येत होती. सकाळी त्यांची वीज गेली की आपण द्यायची, दुपारी त्यांनी. यांनी बजावलं होतं, म्हणून लपवलं. नंतर सांगायला गेले तर ऐकेनात. आणि इतके आनंदात होते, की माझ्याच्यानं बोलवेना.
पल्लवीनं यातला शब्द न् शब्द इंग्रजीत सांगितला. काही गरज नव्हती.
साहेबांनी विचारलं, मग वायर कुणी काढायला लावली? मी वडे पुढे केले. साहेब उठून भिंत बघायला गेले, पाठोपाठ इंदिरा. परत आले ते हिरामणकडचा चहा पिऊनच.

४ जून
मेल आला. धन्यवाद, क्षमस्व. युरोपची झेप तेवढीच.
इंदिरा एक वाजला की संध्याकडे जाऊन बसते, चारला येते. माझ्याशी कामापुरतं बोलते. रिकाम्या घरात मला करमत नाही. हे कुणाला सांगणार?

७ जून
दुपारी नवी वायर घेऊन मागच्या भिंतीशी गेलो. स्टुलावर चढलो. पलीकडे हिरामण गोण्या मोजत होता. मी काही बोलायच्या आत त्यानं हात पुढे केला. म्हणाला, द्या सर इकडं. फोन करनारा कोन शे, लागला का पत्ता?
मी म्हणालो, चौकशी चालू आहे.
तो हसला नाही, बरं म्हणाला आणि वायर ओढून घेतली. त्याच्या स्वयंपाकघरात मात्र दोन बायका हसल्या. त्यातली एक माझी होती.