पावणं आल्यात

आप्पा, सिंकखाली पाइपाशेजारी आज भोक सापडलं. पेन्सिल घालून बघितली, आत गेली. पेन्सिल गेली की उंदराचं पिल्लू जातंच, हे तुमचं म्हणणं. भांडी घासायची तार कोंबली, वरून सिमेंट लावलं. तुम्ही गेल्याला इतकी वर्षं झाली की मला त्याचं काही वाटेनासं झालंय, पण भोक लगेच दिसतं.

मार्केट यार्डातल्या गुळाच्या गोदामाची राखण तुमच्याकडं होती. दाराच्या फटीला पत्रा, गटाराच्या तोंडाला जाळी, बिळात काचा आणि सिमेंट. एकदा मी घरातल्या बिळात वर्तमानपत्र कोंबलं, तर केवढे ओरडलात! "कागुद घालतीस व्हय? त्येंचं अंथरूण करून दिलंस की!" आणि घरात उंदीर हा शब्द काढायचा नाही. नाव घेतलं की त्यांना कळतं, मग औषधाला तोंड लावत नाहीत. म्हणून म्हणायचं, पावणं.

त्या दिवशी जयसिंगपूरची माणसं मला बघायला एक दिवस आधीच येऊन बसली. मी डी.एड.च्या पहिल्या वर्षाला. लग्न झालं की कॉलेज बंद, असं त्यांनी आधीच कळवलेलं. आई पोहे भिजवता भिजवता म्हणते, "पळ, आप्पास्नी फोन कर. बिगीनं या म्हणावं." मी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून गोदामात फोन लावते. "आप्पा, पावणं आल्यात." तुम्ही हसता. "येऊ देत की. तार कोंब, सांजच्याला सिमिट मारतो." मी बरं म्हणते. आईला सांगते, कळवलंय.

माणसं दीड तास थांबली. मुलीच्या बापालाच सवड नाही, म्हणून उठली. आईचं बोलणं तुम्ही मान खाली घालून ऐकून घेतलंत. त्यानंतर तुम्ही सरळ उंदीर म्हणू लागलात. माझं डी.एड. झालं, शाळेत नोकरी लागली, तरी येईल त्याला सांगायचात, "माझ्या येडेपणानं पोरीचं स्थळ गेलं." मी शेजारी बसलेली असायचे. शेवटी दवाखान्यातही माझा हात धरून तेच म्हणालात. मी म्हटलं, "जाऊ दे, आप्पा."

रडू तेव्हा आलं नाही, आत्ताही येत नाही. हे पत्र ड्रॉवरमध्ये ठेवते. कुरतडलं तर कुरतडलं. फोनवर 'मला बघायला' एवढंच पुढं लावायचं होतं. ते तोंडात आलं होतं, आप्पा. मी बोलले नाही.