नथूचा चेहरा

प्रिय सरिता,

फोनवर बोलता आलं असतं तर हे लिहिलं नसतं. पण तुमच्या घरातला एकुलता फोन आता तुझ्या थोरल्या दिरांबरोबर, चिंधाभाऊंबरोबर, इथे सिल्व्हासाजवळ मसाटला आला आहे, आणि तुझ्या सासूबाईंना वाचता येत नाही. म्हणून पत्र. वाचून झालं की चुलीत घाल. सोबत जे आहे ते मात्र ठेव.

तुझ्या हळदीच्या दिवशी तू विचारलं होतंस, मंजू, तू नोकरीत नेमकं करतेस काय? तेव्हा सांगता आलं नाही. आमच्या कंपनीत हजारो माणसं कामाला आहेत. गेटचं कार्ड वेगळं, कँटीनचं वेगळं, दवाखान्याचं वेगळं, खोलीचं वेगळं, आणि एकाच माणसाचं नाव प्रत्येक ठिकाणी निराळ्या तऱ्हेने लिहिलेलं. मी त्याचा आराखडा केला. एक माणूस, एक चेहरा, एक नाव. कॅमेऱ्यासमोर उभं राहिलं की सगळी दारं उघडतात. माणूस सोडून गेला किंवा वारला की एकाच जागी नोंद करायची, सगळी दारं बंद होतात. आमचे साहेब गजानन सर बैठकीत म्हणाले, मॅडम, आता देवालासुद्धा दोन रूपं घेऊन आत शिरता येणार नाही. सगळे हसले. मीही हसले.

तुमच्याकडचे दोघे भाऊ, चिंधाभाऊ आणि नथूभावजी, एका कार्डावर काम करतात हे मला माहीत नव्हतं. गेटवरच्या पप्पूला माहीत होतं. खानदेशातून आलेल्या कितीतरी घरांत असंच चालतं, हे त्याने मला फार उशिरा सांगितलं. नोकरी घराची असते. पेरणीला एक भाऊ गावी गेला की दुसरा येऊन मशीनपाशी उभा राहायचा. एक आजारी पडला तरी तसंच. सिल्व्हासाच्या बसस्टँडवर कार्ड एका खिशातून दुसऱ्या खिशात जायचं. पप्पू म्हणायचा, काय रे चिंधा, गावाकडे जाऊन उंची वाढवून आलास का, आणि आत सोडायचा. यात फसवणूक आहे असं कुणालाच वाटत नव्हतं. मशीन थांबत नव्हतं, एवढं पुरे होतं. कार्ड चिंधाभाऊंच्या नावाचं होतं, कारण शाळेचा दाखला त्यांच्याजवळ होता.

दिवाळीनंतर कॅमेरे बसले. चेहरे नोंदवण्याच्या आठवड्यात पाळी नथूभावजींची होती. चिंधाभाऊंच्या नावाला त्यांचा चेहरा लागला. त्यानंतर चिंधाभाऊ त्या गेटमधून आत येऊ शकत नव्हते, आणि नथूभावजी गावी जाऊ शकत नव्हते. होळीलाही ते आले नाहीत, हे तुला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. वैशाखात त्यांना ताप होता. पप्पू म्हणाला, भावाला बोलाव की. ते म्हणाले, आता भावाला दार ओळखत नाही. दुसऱ्या दिवशी ताप अंगात घेऊनच ते कामावर आले आणि मशीनपाशी पडले. आत येताना कॅमेऱ्याने त्यांना ओळखलं होतं. बाहेर नेताना त्याची गरज पडली नाही.

मृत्यूचा दाखला चिंधाच्या नावाने निघाला. मयताच्या पत्नीची ओळख पटवून या, असं मला सांगण्यात आलं. निघण्यापूर्वी नोंद उघडली. नाव चिंधा, आणि चेहरा तुझ्या नवऱ्याचा. माळ घालताना ज्यांचा फेटा डोळ्यांवर सरकला होता, ते. गाडीत सगळी वाट मी ठरवत होते की तुझ्याजवळ बसायचं आणि काही बोलायचं नाही.

तुमच्या ओसरीत भिमाबाईंना पुढे बसवलं होतं. कपाळ पुसलेलं, हात मोकळे. सासूबाई म्हणाल्या, हाई मनी मोठी वहू, तिनं नशीब फुटी गयं. तेवढ्यात गोठ्यात कुणीतरी खोकलं. सासूबाई म्हणाल्या, बैल आजारी शे. भिमाबाईंनी मान आणखी खाली घातली. मग तू चहा घेऊन आलीस. कपाळावर कुंकू, हातात हिरव्या बांगड्या, गळ्यात मंगळसूत्र. कप माझ्यापुढे ठेवलास. साखर बरोबर आहे ना ताई, असं विचारलंस. तू मला ताई म्हणालीस. मी म्हटलं, बरोबर आहे. आणि भिमाबाईंच्या अंगठ्याचा ठसा घेऊन परत आले.

गेल्या आठवड्यात चिंधाभाऊ गेटवर आले. हातात नथूभावजींचं आधार कार्ड. त्यावरचा फोटो जुना, काळवंडलेला, आणि भाऊ भावासारखेच दिसतात. कॅमेऱ्याने शोधलं. हा चेहरा पूर्वी नोंदलेला नाही, म्हणजे नवा माणूस. पप्पूने माझ्याकडे पाहिलं. या वेळी त्याने थट्टा केली नाही. कागदावर चिंधा गेलेला आहे, तेव्हा त्यांना जगायचं तर नथू होऊनच जगावं लागणार. विधवा म्हणून भिमाबाईंना कंपनीकडून मिळणारी मदत सुरू राहील, घरात पगारही येईल. सासूबाईंनी हे कसं जुळवलं असेल ते मला कळतं. त्यांना मी नावं ठेवत नाही.

आता त्यांना कंपनीच्या वस्तीत खोली हवी आहे. खोली कुटुंबालाच मिळते, आणि बायकोने स्वतः येऊन चेहरा नोंदवायचा असतो. हा नियमही माझाच. नथूची बायको तू. सोमवारी घेऊन येतो, असं ते मला सांगून गेले. खोलीत कोण राहणार हे मी विचारलं नाही. दार तुझ्या चेहऱ्याला उघडेल, भिमाबाईंच्या नाही.

एकदा तुझा चेहरा त्या नावाशेजारी लागला की आमच्याकडे नथू जिवंत राहील. मग त्यांच्या मरणाची नोंद कुठेच होणार नाही. तू त्यांच्यासाठी कपाळ पुसू शकणार नाहीस, आणि भिमाबाईंना कुंकू लावता येणार नाही. आणि तू खरं सांगितलंस तर चौकशी होईल, मदत थांबेल, चिंधाभाऊंवर केस होईल. तुझ्या सासूबाई तुला त्या घरात ठेवतील की नाही, मला सांगता येत नाही.

खानवेलच्या शाळेत, आईबरोबर मजुरीला गेल्यामुळे तू आली नसलीस की मी तुझ्या आवाजात हजर म्हणायचे. हजेरी माझे बाबाच घ्यायचे, त्यांना कळायचं. ते मान वर न करता पुढचं नाव घ्यायचे. माझ्या कॅमेऱ्याला तसं करता येत नाही. म्हणून सोमवारी त्याच्यामागे मी स्वतः बसणार आहे. मी विचारीन, नवऱ्याचं नाव काय, आणि ते हयात आहेत का. तू सांगशील ते लिहीन. दोन्ही उत्तरं मला चालतील, पण ती तुझी असू देत. बसमध्ये तुझ्याशेजारी चिंधाभाऊ असतील, तेव्हा विचार करायला सवड मिळणार नाही. म्हणून आज लिहिलं. आणखी एक. मयतांचे चेहरे येत्या सोमवारी काढून टाकले जाणार आहेत. त्याआधी नथूभावजींचा फोटो मी छापून घेतला, तो सोबत आहे. निळा शर्ट आहे. हसू नका असं सगळ्यांना सांगतात, तरी ते थोडे हसले आहेत. खाली चिंधा असं छापलं होतं. तेवढी पट्टी मी कात्रीने कापली आहे.

तुझीच,
तुझ्या बाकावरची मंजू