खारूताईचा दाणा

प्रिय आत्या,

"दाण्याशी ओळख लहानपणीच करून द्यावी, मोठेपणी तो भाव खातो," असं तू म्हणायचीस. आज दवाखान्यातून परत येताना ते आठवलं आणि घरात शिरल्या शिरल्या लिहायलाच बसले. नमस्कार राहिला. वाकून केला असं समज. (खरोखर वाकले तर कंबर धरते, मग पत्र राहील.) गुडघे कसे आहेत? काकांना झोप लागते का? आमचं बरं चाललं आहे. हे पत्र लांबणार आहे, चष्मा लावून बस.

तुझ्या दाणे भाजण्याच्या दुकानात माझं निम्मं बालपण गेलं. शाळा सुटली की मी दप्तरासकट शेंगदाण्याच्या पोत्यावर. कढईत तापलेली वाळू, तुझ्या झाऱ्याची खरखर, पंख्याच्या वाऱ्याने उडून माझ्या वेण्यांत अडकणारी लाल सालं. (हिच्या वह्या तपासायला घेतल्या की भूक लागते, असं आमच्या बाई म्हणायच्या.) प्रत्येक घाण्यातला एक दाणा तू उचलायचीस, बोटांत चोळायचीस, फुंकर मारायचीस आणि जे तोंड जवळ असेल त्यात टाकायचीस. मग विचारायचीस, "काय, कच्चा?" गिऱ्हाईक असो, टपालवाला असो. दुकान तपासायला आलेल्या साहेबालासुद्धा तू सोडलं नाहीस. तो तुला रागवायला तोंड उघडून उभा होता, तेवढं पुरलं. बिचारा चावून म्हणाला, "अजून जरा होऊ द्या."

त्याच सवयीने, आमच्याकडे आली होतीस तेव्हा, आमच्या ओट्यावर भाजता भाजता तू एक दाणा जवळच्या तोंडात टाकलास. ते तोंड माझ्या लेकीचं होतं. खारूताई तेव्हा दोन वर्षांची. (नावही तूच ठेवलेलं, पुढचे दोन दात बघून. दाणा न चालणारी खार जगात ही एकटीच असावी.) ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, दवाखाना, सुई, आणि संध्याकाळपर्यंत बाईसाहेब पलंगावर उड्या मारत होत्या. तू मात्र तेव्हापासून आमची पायरी चढली नाहीस. घरी जाऊन भट्टी विझवलीस ती कायमची. लोकांना गुडघ्यांचं कारण सांगितलंस. आम्हाला काकांमार्फत निरोप येतो, "पोर बरी आहे ना?" की संपलं.

इथे घरातून दाणा हद्दपार झाला. वेष्टनांवरची बारीक अक्षरं वाचून वाचून माझा चष्म्याचा नंबर वाढला. नवऱ्याला तर चोरून खाण्याचं व्यसनच लागलं. गच्चीवर जाऊन खायचा, मग खसाखसा तोंड धुऊन, सदरा बदलून हळूच घरात शिरायचा. शेजारणीला वेगळाच संशय आला आणि ती मला एकटीला गाठून म्हणाली, "ताई, तुम्ही खचू नका."

मग कुणीतरी ॲलर्जीच्या डॉक्टरीणबाई सुचवल्या. त्यांचा उपचार ऐकून मी खुर्चीतून उठलेच होते. ज्याने पोरगी सुजते तेच रोज द्यायचं, चिमटीहूनही कमी, त्यांच्या देखरेखीत, आणि हळूहळू वाढवत न्यायचं! पहिल्या दिवशी नर्सने दाण्याची भुकटी काट्यावर अगदी काटेकोर तोलली, आणि नेमकी तेव्हाच मला शिंक आली. सगळं औषध डॉक्टरीणबाईंच्या कोटावर. खारूताई म्हणाली, "आई, उपचार त्यांच्यावर आहेत का?"

पण आत्या, खरी गोष्ट पुढेच आहे. मी तुझ्या दाण्याबद्दल सांगितलं, तर त्या म्हणाल्या, शरीर पहिल्याच भेटीत असं भांडत नाही, भांडायला आधीची ओळख लागते. खारूताईला तान्ही असताना इसब होता, आठवतं? हल्लीच्या संशोधनात असं दिसतंय की दाणा तोंडातून आला तर शरीर बहुधा त्याला पाहुणा समजतं, तडकलेल्या कातडीतून शिरला तर चोर. घरातल्या धुळीतही त्याचा अंश असतो. (कुठून, कुणाच्या हातून आला, ते आता देवालाही सांगता यायचं नाही.) म्हणजे तुझा दाणा पोचला तेव्हा वैर आधीच जुळलेलं होतं. तू फक्त ते उघडकीला आणलंस. आणि तीन वर्षांचं होईपर्यंत मुलाला दाणा दाखवू नका म्हणणारे डॉक्टरच आता म्हणतात, पहिल्याच वर्षात वाटून द्या, पण नाजूक पोरांना आधी विचारून. तुझं वाक्य निम्मं खरं ठरलं. (निम्मंच. काकांना ओरडून सांगू नकोस.)

काकांवरून आठवलं. तू गिऱ्हाइकावर तापलीस की ते कोपऱ्यातून म्हणायचे ना, "जाऊ दे गं, आपलाच आहे"? शरीरातही अशा पेशी असतात, बाकीच्यांना शांत करणाऱ्या. त्या शोधणाऱ्यांना अलीकडे जगातलं मोठं पारितोषिक मिळालं. काकांना तुझ्याकडून "तुम्ही गप्प बसा" एवढंच मिळालं. तर खारूताईच्या अंगात काका वाढवायचे, असा हा उपचार आहे. सगळ्यांना लागू पडतोच असं नाही, आणि रोजचा दाणा चुकला की काका पुन्हा पेंगतात. पण आज दवाखान्यात तिने अख्खा दाणा खाल्ला. आम्ही तिच्या ओठांकडे बघत बसलो, ती भिंतीवरच्या पालीकडे. काहीही झालं नाही. इतकं छान काहीही न होणं मी कधी पाहिलं नव्हतं.

काकांना नमस्कार.

तुझी भाची

ता. क. नवऱ्याने आज उजळ माथ्याने, दिवाणखान्यात बसून मूठभर दाणे खाल्ले. म्हणतो, गच्चीवरची मजा नाही.

ता. क. दुसरा. खारूताईला दाणा आवडला नाही. "यासाठी एवढा तमाशा?" म्हणाली. मीही चाखला. बाजारचा, बाहेरून करपलेला, आतून कच्चा. तिचा काय दोष?

ता. क. तिसरा, आणि पत्र खरं यासाठीच. आता रोज एक दाणा घरी द्यायचा आहे. वाळू आणून, धुऊन, वाळवून ठेवली आहे. तू ये, भाज, आणि तुझ्या हाताने तिच्या तोंडात टाक. डॉक्टरीणबाईंची परवानगी घेतली आहे, सुई माझ्याजवळ असेल. तू नाहीच म्हणणार, मला माहीत आहे. फक्त ते लिहून कळवू नकोस. इथे ये आणि तिच्या तोंडावर सांग.