टायरची आतली बाजू

प्रिय चिऊ,

पत्र बघून घाबरू नकोस, तब्येत आहे तशीच आहे. फोनवर बोलायचं ठरवलं की माझ्या तोंडून 'सगळं ठीक आहे' एवढंच निघतं, आणि तू लगेच पिल्लूकडे फोन देतेस. म्हणून लिहायला बसलो. शेजारचा ड्रायव्हर उद्या सकाळी तुमच्याच बाजूला निघालाय, त्याच्या हाती हे पाठवतोय. तुम्ही रविवारी निघायच्या आत ते तुला मिळायलाच हवं.

घरगाडी नेलीत आणि मागचं अंगण भकास झालं. चाकांखाली गवत उगवलं नव्हतं, ते चट्टे तेवढे उरलेत. आत बिछाना नि स्वयंपाकाची सोय असलेली, तुझ्या आईनं हट्टानं घ्यायला लावलेली गाडी, आई वारल्यावर मी फाटकाबाहेरही काढली नाही. आता तुम्ही तिच्यात संसार भरून डोंगरापलीकडे कायमचे चाललात. जावईबापूंना तिकडे नोकरी मिळाली, चांगलंच झालं.

गाडी न्यायला आलात तेव्हा जावईबापूंनी टायरच्या नक्षीत नाणं खुपसून बघितलं आणि हे तर नवेच आहेत म्हणून खूश झाले. त्यांची मी थट्टा केली, पण सगळेच असं करतात. नक्षी खोल दिसली की टायर नवा! घरगाडीचे टायर पळून झिजत नाहीत गं, उभ्या उभ्या खराब होतात. एकाच जागी ओझं घेऊन रबर सुकतं, चिरा पडतात, आतले धागे तुटले की टेंगूळ येतं. आणि हे सगळं बघायचं ते आतल्या बाजूला, जिथं डोळा पोचत नाही. तिथं हातच घालावा लागतो. मी जमिनीवर आडवा झालो, एकेका चाकामागून हात फिरवला, उठून कपडे झटकले आणि तुला म्हणालो, "जा बिनधास्त, मी बघितलंय." माझ्या हाताखालून गेलेली वस्तू तू लहानपणापासून कधी पुन्हा तपासली नाहीस.

सोमवारी आमच्या टायरच्या दुकानात एक टॅक्सीवाला आला. मी नेहमीसारखा हात फिरवला आणि टायर ठीक आहेत म्हणून सांगितलं. मालकानं दुसऱ्याच कामासाठी गाडी जॅकवर घेतली, तर आतल्या बाजूला लिंबाएवढं टेंगूळ. माझी बोटं त्याच्यावरूनच गेली होती. मालक ओरडला असता तर बरं वाटलं असतं. त्यानं मला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाला, "काका, उद्यापासून तुम्ही गल्ल्यावर बसा."

मी गेलोच नाही. डॉक्टर म्हणतात, साखरेनं बोटं बधिर केलीत, आता ती पूर्वीसारखी होणार नाहीत. किती सहज म्हणाले! मला दुसरं काय येतं? रोज सकाळी उठून आवरतो, डबा भरायला जातो आणि मग आठवतं. खुर्चीत बसतो तो बसूनच राहतो. दिवस कशासाठी उजाडतो तेच कळेनासं झालंय. हे तुला सांगून तुझ्या जिवाला घोर लावणार नव्हतो.

तू म्हणशील, म्हाताऱ्यानं आम्हाला अडवायला नवी सबब काढली. तुम्ही जाऊ नये असंच मला वाटतं, खोटं कशाला बोलू? पण हे त्यासाठी नाही. त्या दिवशी टायर बघून झाल्यावर आपण सगळे फाटकाशी उभे होतो. पिल्लू मध्येच म्हणाली, "आजोबा, मी कधीची तुमचं बोट दाबतेय." मी खाली बघितलं. तिनं माझं बोट मुठीत घट्ट धरलं होतं आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. मी हसण्यावारी नेलं, तुम्हाला हात केला आणि त्याच हातावर भरवसा ठेवून तिला त्या गाडीत बसून जाऊ दिलं. चिऊ, माझा शब्द धरू नकोस. चाकं उतरवून दुसऱ्या कुणाला तरी आतून नीट बघायला सांग, आणि तोवर गाडी जागची हलवू नकोस.

तुझाच,
बाबा