जीपमधला धूर

भागम्मा, आधी खाली बस, मंग वाच. जीपची गोष्ट सांगतो.

माझ्या भावानं, ईश्वरअप्पानं जीप नाल्यात घातली, तवा समदे म्हणले, पिऊन होता. त्यानं गळ्यातलं इष्टलिंग हातात धरून, आण घेऊन न्हाई म्हणलं, तरी मी त्याच्या थोबाडीत मारली. त्याच्यापायी तो घर सोडून गेला.

आज जीप लय फटफटायली म्हणून इंजन खोललं. धूर भाईर काढणाऱ्या एक्झास्ट पाइपाचे दोन बोल्ट इंजनाच्या हेडातच तुटलेले, भवताली काजळी. तिथूनच धूर आत येऊन त्याला गुंगी आली. ते बोल्ट मीच गाढवानं इंजन गरम असताना आवळले होते, म्हणून तुटले. आत अडकलेल्या तुकड्यांवर नट वेल्ड करून, पान्यानं फिरवून ते काढले, नवे बसवले.

आता त्याला हुडकायला पालमला चाललो. तो आधी घरी आला तर जेवायला वाढ, अन् मी येईस्तोवर जाऊ देऊ नको.

शिवरुद्र