दाजींचा चेहरा

प्रिय शेंडेफळा,

प्रिय लिहिलंय ते हाताच्या सवयीनं, त्याचा फार अर्थ लावत बसू नकोस. फोन मी तुझा उचलणार नाही आणि मेसेजमध्ये एवढा राग मावत नाही, म्हणून कागद घेतलाय.

तुझा व्हिडिओ मी पाहिला. तुला न सांगता प्रदर्शनाला गेले होते. अंधाऱ्या दालनात भिंतभर पडदा आणि पडद्यावर आमची खोली. पलंगामागची ओलसुद्धा तू सोडली नाहीस. दाराशी पाटी होती, 'श्रमणारा देह आणि यंत्राची नजर यांचा संवाद'. वाचून हसूच फुटलं मला. अरे, संवाद कसला डोंबलाचा? पार्सल घेऊन जिना उतरताना तुझे दाजी घसरले, कंबरेखाली लुळे झाले. कंपनी नवी माणसं घेत नव्हती, म्हणून त्यांच्याच खात्यावर मी पार्सलं पोचवायला लागले. रोज सकाळी काम सुरू करण्याआधी ॲप ओळख पटवायला खातेदाराचा चेहरा मागायचं. मी ह्यांना उशीला टेकवून बसवायची, फोन समोर धरायची आणि हिरवी खूण आली की हेल्मेट घालून निघायची. हे नियमात बसत नाही हे आम्हालाही कळत होतं, म्हणून तर मूग गिळून होतो. तुझ्या त्या दालनात माझ्या मागची बाई डोळे पुसत होती. तिनं मला जरा बाजूला सरकायला सांगितलं, माझ्यामुळे तिला पडदा दिसत नव्हता.

आमची ही सकाळ तुला फार विलक्षण वाटली होती. चित्रण करू दे म्हणून किती मागे लागलास! लहानपणी माझ्या सायकलसाठी भुणभुण लावायचास, अगदी तश्शीच. ताई, चेहरे पुसट करीन, कुणाला ओळखूसुद्धा येणार नाहीत, असं माझ्या हातचा चहा पिता पिता कबूल केलंस. आणि पडद्यावर काय? दाजींची सुरकुती न् सुरकुती. विचारलं तर म्हणालास, चेहरा पुसला असता तर कलाकृतीत काही रामच उरला नसता. तुझ्या कलाकृतीत राम राहावा म्हणून आमच्या पोटावर पाय दिलास तू! बघणाऱ्यांपैकी कुणीतरी त्यातला तुकडा फोनवरून पसरवला, तो फिरत फिरत कंपनीपर्यंत गेला आणि खातं कायमचं बंद झालं. त्यावर तू पाठवलंस काय, तर हात जोडल्याचं चित्र. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. तुला आता परदेशातून बोलावणं आलंय म्हणे. जा. यंत्राच्या नजरेवर भाषण दे. स्वतःच्या नजरेबद्दल विचारलं कुणी, तर मात्र तुझी पंचाईत होईल.

मी सध्या एका गोदामात खोकी भरते. हे दाजींना माहीत नाही. खातं बंद झाल्याचं मी त्यांना सांगितलेलंच नाही. पडल्यानंतर ते भिंतीकडे तोंड करून पडून असायचे, कुणाशी बोलायचे नाहीत. त्या सकाळच्या फोटोसाठी ते पुन्हा दाढी करायला लागले, भांग पाडायला लागले. अजून माझ्याच तोंडावर घर चालतंय, असं हसत म्हणायचे, पण ते हसण्यावारी नव्हतं. आजही सकाळी ते तयार होऊन बसतात. मी फोन समोर धरते, नुसताच धरते, आणि म्हणते, झालं. मग हेल्मेट घालून निघते. मला आता हे करवत नाही रे. काल ते म्हणाले, मेव्हण्यानं मला एवढ्या मोठ्या पडद्यावर आणलं, कसा दिसतो ते बघायचंय, लिही त्याला, बोलावून घे. म्हणून हे पत्र, नाहीतर तुला एक ओळसुद्धा लिहिली नसती. रविवारी ये. व्हिडिओ आण, त्यांना दाखव, आणि तो संपला की त्यांच्या शेजारी पलंगावर बसून खातं का बंद झालं ते तुझ्या तोंडानं सांग. मी तिथेच असेन. कॅमेरा मात्र घरी ठेवून ये. त्या वेळचा दाजींचा चेहरा तुला मिळणार नाही.

तुझीच, आणि तीही सख्खी, काय करणार,
ताई