मालतीला प्याला नको

रविवार, संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच आहे. सकाळी चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या वेळी द्राक्षरसाच्या प्याल्यांचा ट्रे माझ्याकडे होता. मालतीने हात पुढे केला, तोच मंडळीच्या सेक्रेटरीबाई मागून कुजबुजल्या, "तिला नको. नवऱ्याला सोडून आलीये. पवित्रता राखायला हवी." आणि मी? मी ट्रे पुढे नेला! तिचा हात तसाच हवेत. दारू पिऊन तिला मारणारा नवरा मात्र पुढच्या बाकावर प्याला घेऊन मोकळा. त्याला विचारलं कोणी?

रोज गुडघे टेकून म्हणते, "प्रभू, मला शुद्ध कर." कसली शुद्ध! तो हवेतला हात सारखा दिसतोय.

दुपारी राजेंद्र नगरला तिच्या खोलीवर जाऊन माफी मागितली. म्हणाली, "दीदी, राग तर आलाच आहे. पण चहा पिऊन जा."

तिच्यासमोरच चर्चच्या पाळकसाहेबांना फोन लावला. "मालतीला प्याला नाही, तर मलाही नको." ते म्हणाले, "ठीक आहे, पुढच्या वेळी घेऊन या तिला. मी परवानगी देतो."

परवानगी! प्रभूच्या मेजावर यायला यांची परवानगी!